वीतभर सरकलेलं शेत

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपच्या गच्चीवर एक पांढरी अँटेना आहे. छोट्या ताटलीएवढी, वरून थोडी फुगीर. नवा माणूस गच्चीवर आला की हमखास विचारतो, ही डिशची छत्री आहे का. पूर्वी मी प्रत्येकाला समजावून सांगायचे. आता नुसतं हो म्हणते आणि हातातलं काम पुढे ओढते. पण विचारणारा खरंच उत्सुक दिसला तर मात्र माझी जीभ सुटते, आणि त्याच्या हातातला चहा गार होतो. उगाच चौकशा करायची खोड मला लहानपणापासून आहे, त्यामुळे तशी खोड असलेली माणसं मला आवडतात.

आम्ही जी वस्तू बनवतो ती ट्रॅक्टरला बसवली की ट्रॅक्टर आपला आपण सरळ चालतो. स्टीअरिंगला एक मोटर, टपावर एक अँटेना, ड्रायव्हरसमोर एक टॅब. टॅबवर शेताच्या ओळी आखायच्या, आणि मग ट्रॅक्टर त्या ओळीवरून हलत नाही. उपग्रहावरून जागा कळते हे फोनमुळे आता सगळ्यांनाच माहीत झालंय. पण फोनवरचा निळा ठिपका कसा वागतो तेही माहीत आहे. नाशिक फाट्याला आपण पुलावर असतो आणि तो आपल्याला खालच्या रस्त्यावरून फिरवून आणतो. शेतात एवढी चूक चालत नाही. तिथे बोटा-दोन बोटांचा हिशोब असतो.

ही चूक कशी काढतात ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आमच्या घरातलं घड्याळ आठवलं. मी शाळेत असताना आम्ही भोसरीतच एका खोलीत राहायचो. वडील लातूरकडून इकडे आलेले, कंपनीत फिटर. भिंतीवरचं घड्याळ पुढे पळायचं, आणि रोज सारखं पळायचं असंही नाही. सकाळी कंपनीचा भोंगा झाला की आई घड्याळाकडे बघायची आणि आज ते किती पुढे आहे ते जाहीर करायची. मग दिवसभर आम्ही सगळे तेवढं वजा करून वागायचो. भोंगा बरोबर आहे हे एकदा धरलं, की बिघडलेलं घड्याळही कामाला येत होतं.

गच्चीवरची अँटेना आईचंच काम करते. तिला आम्ही बेस म्हणतो. ती जागची हलत नाही, आणि ती नेमकी कुठे आहे हे आम्ही आधीच मोजून तिला सांगून ठेवलेलं असतं. उपग्रह तिला सांगतात, तू अमुक जागी आहेस. ती म्हणते, छे, मी तर इथे आहे. हा जो फरक, तो ती दर सेकंदाला मोबाइलच्या नेटवरून शेतातल्या ट्रॅक्टरला कळवते आणि ट्रॅक्टर तेवढा वजा करतो. या फरकाला करेक्शन म्हणतात. वरच्या हवेत, आपल्याला न दिसणाऱ्या थरांत, उपग्रहाचा सिग्नल कुठे रेंगाळतो, कुठे वाकतो, आणि भोसरीच्या गच्चीवरून त्याचा हिशोब चाकणच्या शेतात जातो, याचं मला अजूनही नवल वाटतं. मालक म्हणतात, तू पगार घेतेस की तिकीट काढून बघायला येतेस.

चाकणजवळच्या महाळुंग्यात दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये एक शेत उरलेलं आहे. एका बाजूला पत्र्याची लांबच लांब शेड, दुसऱ्या बाजूला कंटेनर उभे करायची जागा, आणि मधे बटाटा. ते शेत ज्यांचं, त्या काकांकडे आम्ही आमचा संच बसवला. त्यामागचं कारण वेगळं होतं. काका दुचाकीवरून पडले होते आणि त्यांच्या मानेचं ऑपरेशन झालं होतं. मानेत स्क्रू. मान पुढे ठीक, बाजूला नावापुरती, मागे अजिबात नाही.

ट्रॅक्टर चालवणारा माणूस अर्धा वेळ मागे बघत असतो, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. नांगर मागे, पेरणीयंत्र मागे, सगळं काम मागे. पुढे फक्त इंजिन. ज्याला मागे बघता येत नाही त्याला ट्रॅक्टर चालवता येत नाही, एवढी साधी गोष्ट होती. डॉक्टरांनी हळू चालवायला परवानगी दिली होती, पण मान पिळायची नाही असं बजावलं होतं. काकूंनी तर स्पष्टच सांगून टाकलं होतं, की ह्यांनी एकदा जरी मागं वळायचा प्रयत्न केला तर ट्रॅक्टर विकायचा आणि शेत गोदामाला द्यायचं. गोदामवाले दारात उभेच होते. काकांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, की हे यंत्र चाललं नाही तर मी दिवसभर ओट्यावर बसून कंटेनर मोजायचे का? ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. कामाशिवाय घरी बसलेले माझे वडील मी पाहिले आहेत.

नवरात्राच्या आधी काकांनी त्या संचावर ठिबकच्या नळ्या जमिनीत घातल्या. ट्रॅक्टरमागच्या फाळाने जमीन चिरत जायची आणि नळी आत सोडत जायची. काकू प्रत्येक ओळीला ट्रॅक्टरमागून चालल्या. यंत्रावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्या ओरडल्या तरच काका थांबायचे. पण ओरडायची वेळ आली नाही, ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ गेल्या. नंतर परतीच्या पावसाने माती बसली, शेत सपाट झालं. नळ्या कुठे आहेत ते आता वरून कोणालाच कळणार नव्हतं. ते टॅबमध्ये साठवलेल्या ओळींनाच ठाऊक. दसऱ्यानंतर बटाटा लावायचा तो नळीच्या दोन्ही अंगांना वीतभर सोडून, म्हणजे त्याच ओळी पुन्हा धरायच्या. मला या दुसऱ्या फेरीचीच जास्त उत्सुकता होती. सरळ जाणं एक, आणि महिन्याभराने आपल्याच वाटेवर परत येणं वेगळं.

दसऱ्याला मी आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. आमचं दरवर्षीचं जाणं. परत आले, कामाला लागले, आणि दोन-चार दिवसांत काकूंचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, त्यामुळे मी जास्त घाबरले. त्या म्हणाल्या, तुमच्या यंत्रानं नळ्या फाडल्या, येऊन बघा.

मी गेले तेव्हा लावणीयंत्राच्या फाळाला काळ्या नळीचे तुकडे लोंबत होते. जाताची एक ओळ आणि येतीची एक, एवढंच झालं होतं. काकूंनी मागून ओरडून थांबवलं होतं. पाणी बंद होतं, त्यामुळे तुकडे वर येईपर्यंत काही कळलं नव्हतं. काका बांधावर बसले होते.  काकू बोलल्या.

"ह्यांची काय चूक न्हाई. ह्यांनी हात बी लावला न्हाई चाकाला. पर आता मी ह्यांना बसू देनार न्हाई. मला रोज मागं पळायला जमत न्हाई, आन ह्यांना वळून बघायला जमत न्हाई. मग कशाला?"

 टॅब बघितला तर सगळं हिरवं. करेक्शन येतंय, उपग्रह भरपूर, चूक बोटाएवढीसुद्धा नाही असं तो छातीठोकपणे सांगत होता. मी मालकांना फोन लावला. ते म्हणाले, शेजारी पत्र्याची शेड आहे ना, सिग्नल पत्र्यावर आपटून उलटा येत असेल, शेतच तसलं आहे, आपण काय करणार. असं होतं हे खरं आहे. पत्र्यावरून परतलेला सिग्नल उशिरा पोचतो आणि अँटेनाला फसवतो. पण हीच शेड नळ्या घालतानाही तिथेच होती. तेव्हा तिने का नाही फसवलं? मला राग आला तो या ठिकाणी. कारण सापडलं नाही म्हणून शेताला नावं ठेवायची ही आमच्या धंद्यातली सोपी सवय आहे.

काकूंनी खुरपं आणलं. आम्ही दोघींनी माती उकरून नळी आणि फाळाची रेघ यांतलं अंतर बघितलं. जाताच्या ओळीत दोन्ही फाळ शेडच्या बाजूला वीतभर सरकलेले, त्यातला एक थेट नळीवरून गेलेला. येतीच्या ओळीतही शेडच्याच बाजूला, तेवढेच. इथे माझे कान टवकारले. ट्रॅक्टरच्या टपावरची अँटेना सैल होऊन एका बाजूला गेली असती तर जाताना चूक एका अंगाला झाली असती आणि ट्रॅक्टर फिरून आल्यावर दुसऱ्या अंगाला. लावणीयंत्र वाकडं बसलं असतं तरी तेच. इथे ट्रॅक्टर कुठेही तोंड करून जावो, चूक आपली शेडकडेच.

मग शेडच खेचत असेल का? तसं असेल तर शेडपासून लांब गेल्यावर चूक कमी व्हायला हवी. ते बघायचं तर ट्रॅक्टर शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, कंटेनरच्या बाजूला, रिकामा चालवायला हवा होता. काका उठायला लागले तशा काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि चावी माझ्या हातात दिली. मला ट्रॅक्टर चालवता येतो, सरळ चालवता येत नाही. इथे त्याची गरजही नव्हती. मी लावणीयंत्र उचलून धरलं, ओळ धरली, हात मांडीवर ठेवले. मध्येच एकदा यंत्र टेकवून जमिनीवर खूण केली. खाली उतरले तेव्हा काका माझ्याकडे बघत होते. स्वतःच्या ट्रॅक्टरवर दुसरं कोणी बसलेलं बघताना त्यांचा चेहरा जसा झाला होता तो मला बघवला नाही.

खुणेजवळ उकरलं. शेडपासून इतक्या लांबसुद्धा फाळाची खूण तेवढीच चुकली होती. वीतभर, त्याच बाजूला. म्हणजे शेड निर्दोष, ट्रॅक्टर निर्दोष, उपग्रहही निर्दोष. सगळं शेतच्या शेत जणू कोणीतरी उचलून वीतभर बाजूला ठेवलं होतं. असं व्हायला एकच जागा उरत होती. ज्या एका गोष्टीवर विसंबून बाकी सगळं वजा करायचं, तीच हलली असली पाहिजे. मी काकूंना म्हणाले, उद्या दुपारपर्यंत ट्रॅक्टर विकायचं काही ठरवू नका. त्या म्हणाल्या, मी थांबते, पण ह्यांना आशा लावून जाऊ नका. मी गाडीला किक मारली.

वर्कशॉपला पोचले ती तडक गच्चीवर. बेस जागेवर होता, म्हणजे मला आधी तसंच वाटलं. जवळ गेले तर त्याच्या गळ्यात झेंडूची वाळलेली माळ होती. पांढऱ्या घुमटावर हळदीकुंकवाची बोटं. आणि तो ज्या पाइपवर होता तो पाइप नवाकोरा, चंदेरी रंग दिलेला, सरळ उभा. जुना, थोडा कलता पाइप त्याच्या शेजारी रिकामाच. दोघांमध्ये मी हात ठेवून बघितला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, वीतभर.

मी तिथेच कठड्यावर बसले आणि एकटीच हसत सुटले. खंडेनवमी. त्या दिवशी भोसरीतल्या एकूण एक वर्कशॉपमध्ये यंत्रं बंद असतात. लेथ धुतात, ड्रिल धुतात, पाने-पक्कड तेल लावून मांडतात, हळदीकुंकू, झेंडू, नारळ. आमच्या घरी ही पूजा नसते आणि त्या दिवशी मी नागपूरच्या गाडीत होते, त्यामुळे ते मला दिसलं नाही, आणि मनातही आलं नाही. त्या दिवशी बेस बंद होता हे ट्रॅक्टरवाल्यांनाही कळलं नाही, त्यांचेही ट्रॅक्टर पूजेला उभे. सगळं बंदच, तेव्हा कोण बघतं?

आमचे फोरमनकाका खाली पॅकिंगच्या खोक्यांजवळ होते. इथला प्रत्येक पाना त्यांनी हाताळलेला, कुठलीच वस्तू ते फेकत नाहीत आणि कोणाला फेकू देत नाहीत. मी त्यांना विचारलं, गच्चीवरचा बेस पूजेला खाली आणला होता का. ते खूश झाले. कोणीतरी विचारलं याचाच त्यांना आनंद झाला होता.

"अगं, वर्षभर ते बिचारं वर एकटं उन्हात. सगळ्या ट्रॅक्टरना तेच चालवतं म्हणता तुम्ही, आणि पूजेला त्याचंच नाव नाही. यंदा मीच आणलं खाली. धुतलं, ताटात बसवलं. आणि तो जुना पाइप कलला होता गं, बरं दिसत नव्हतं. म्हणून शेजारी नवा लावून दिला, लेव्हल धरून."

 पाइप त्यांनी खरंच छान उभा केला होता. बेसला कललेला पाइप चालतो, हललेला चालत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ज्या वर्षी बेस बसवला त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले, पण त्याला हात लावू नका असं वर साधं लिहूनही ठेवलं नव्हतं. आम्हाला वाटलं, गच्चीवर कोण कशाला जातंय.

मी त्यांना सगळं सांगितलं, महाळुंग्याच्या शेताचंही. आईच्या घड्याळाचंही सांगितलं. समजा एके दिवशी भोंगाच कोणी प्रेमाने पुसून अर्धा तास पुढे लावून ठेवला, तर आईने काय केलं असतं? तिने घड्याळालाच दोष दिला असता. बेसनेही तेच केलं. त्याला सांगितलेली जागा त्याने खरी मानली, आणि उपग्रहच वीतभर सरकले असं धरून तो सगळ्या ट्रॅक्टरना तसं प्रामाणिकपणे कळवत राहिला. त्यामुळेच टॅबवर सगळं हिरवं होतं. फोरमनकाकांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, त्या काकांना मी फोन करू का? मी म्हणाले, आधी बेस जागेवर आणू.

जुन्या पाइपवर क्लॅम्पचा ठसा उमटलेला होता आणि बसवताना मी मारलेली रंगाची रेघही होती. रेघेला रेघ जुळवून फोरमनकाकांनी बोल्ट आवळले, दोनदा तपासले, आणि झेंडूची माळ काढून शर्टाच्या खिशात घातली. पुढच्या खेपेपासून पूजेचं ताट गच्चीवर न्यायचं, बेसला खाली आणायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मालकांना हे कळलं तेव्हा त्यांनी बाकीच्या ट्रॅक्टरवाल्यांना एकेक करून फोन लावायला घेतले. नशिबाने दुसऱ्या कोणाची दुसरी फेरी अजून सुरू झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी महाळुंग्याला गेले. फाटलेल्या नळ्या जोडून झाल्या होत्या. ते काम दोघांनी सकाळीच उरकलं होतं. मी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच मनापासून हसले. त्यांच्याही घरी खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभा केलेला होता. ते म्हणाले, यात त्या मेस्त्रीला बोलायसारखं काय न्हाई. काकू हसल्या नाहीत. त्यांनी ठिबकचा कॉक उघडला, म्हणजे नळी फाटली तर लगेच पाणी वर दिसेल, आणि काकांना बसायला खुणावलं. मी शेताच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिले.  बेस जागेवर आहे हे मला माहीत होतं, तरी शेवटी ते मातीच्या आतलं, न दिसणारं काम होतं.

ट्रॅक्टर निघाला. काकांचे हात स्टीअरिंगपासून चार बोटं दूर, नजर सरळ माझ्याकडे, कारण दुसरीकडे ती जातच नव्हती. मागून काकू, खाली मान घालून, फाळाच्या मागची माती न्याहाळत. कुठे ओल दिसते का, कुठे काळं काही वर येतं का. थोडं अंतर आल्यावर त्यांनी एका जागी वाकून खुरप्याने उकरलं, बोटं आत घातली, नळी चाचपली. पुन्हा चालू लागल्या. शेताच्या मध्यावर त्या थांबल्या. मला वाटलं, संपलं. पण पाणी कुठेच नव्हतं. त्या कमरेवर हात ठेवून पुढे जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग पदर खोचला, वळल्या आणि बांधावरून घराकडे चालू लागल्या.

काकांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. ओळ संपवून ते माझ्यापाशी आले, ट्रॅक्टर थांबवला, कपाळावरचा घाम पुसला.

"ती काय म्हनती मागं?" त्यांनी विचारलं.

"काकू घरी गेल्या," मी म्हणाले.

"कवा?"

"मधेच. अर्ध्या ओळीतनं."

 ते हळूच म्हणाले, "म्हंजी अर्धी वळ मी एकलाच आलो व्हय." आणि तोंडावरून एकदा हात फिरवून त्यांनी ट्रॅक्टर पुढच्या ओळीला वळवला.